फोनवरचे बाबा

४ नोव्हेंबर

आज ऑफिसच्या मीटिंगमध्ये बाबांचा आवाज ऐकला. बाबा तेव्हा घरी खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

सगळं पहिल्यापासून लिहून काढते, म्हणजे डोकं जरा ताळ्यावर येईल. आमची कंपनी फोनवर बोलणारं सॉफ्टवेअर बनवते. हॉस्पिटलला किंवा बँकेला फोन लावला की जी बाई ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणते आणि लोकांच्या शिव्या खाते, ती आमची. गेल्या वर्षी बाबांच्या घशात कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी मी त्यांना समोर बसवून तासन्‌तास बोलायला लावलं, सगळं रेकॉर्ड केलं आणि मग रविवारी रविवारी बसून एक प्रोग्राम लिहिला. आता बाबा टॅबवर टाइप करतात आणि टॅब त्यांच्याच आवाजात बोलतो. घरच्या कॉम्प्युटरला हे काम झेपेना. एक वाक्य यायला इतका वेळ लागायचा की तोवर भांडणाचा विषय बदललेला असायचा. म्हणून मी तो प्रोग्राम ऑफिसच्या टेस्टिंग सर्व्हरवर नेऊन ठेवला. तिथे जागा रिकामीच असते आणि आम्ही सगळेच आपापलं काहीबाही तिथे ठेवतो.

माझ्या शेजारी बसतो त्याला आम्ही ‘चष्मा’ म्हणतो. सर्व्हर आवरताना त्याला माझं फोल्डर सापडलं आणि त्याला वाटलं, हे ऑफिसचंच काम आहे. आज एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं आली होती. त्यांना आमच्या बाईचा आवाज पसंत पडेना, तर या पठ्ठ्याने खुशाल बाबांचा लावला. “घाई नाही. मी आहे. तुमचा नंबर येतोय.”

बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचे. शिकणारा घाबरला, गाडी भर चौकात बंद पडली, मागून हॉर्नचा नुसता गोंगाट झाला, की ते असंच म्हणायचे, “घाई नाही. मी आहे.” सगळा आरडाओरडा ते घरच्यांसाठी राखून ठेवत. हॉस्पिटलवाल्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग आमचे मोठे साहेब म्हणाले, “या माणसाला सोडायचं नाही.” मी सांगितलं, हे माझे वडील आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या.

६ नोव्हेंबर

बाबांना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, आत्ता उगाच त्यांच्या डोक्याला ताप कशाला?

आज ते माझ्यावर उखडले होते. मी टॅबवर त्यांच्यासाठी तयार बटणं केली आहेत, ‘पाणी’, ‘भूक’, ‘दुखतंय’, ‘डॉक्टर’. एका बोटाने टाइप करण्यापेक्षा बरं, असं मला वाटलं होतं. ते एकाही बटणाला हात लावत नाहीत. अर्धा तास खपून त्यांनी टाइप केलं, “मी काय बाळ आहे? द्यायचंच असेल तर ‘तुला अक्कल नाही’ असं एक बटण दे. रोज लागेल.” टॅब हे सगळं त्यांच्या शांत आवाजात बोलला, त्यामुळे आई खो खो हसायला लागली. शेवटी ते स्वतःही हसले. त्यांचं हसणं आता आवाजाविना असतं, नुसते खांदे हलतात.

असं हसणारं घर बघितल्यावर मुद्दाम विषय काढायचा धीर झाला नाही.

११ नोव्हेंबर

करारवाल्या बाईंनी बोलावलं होतं. कंपनीचे सगळे करार त्याच बघतात. फार गोड बोलतात, म्हणून त्यांची जास्त भीती वाटते.

त्यांनी मी नोकरीला लागताना सही केलेला करार काढला. त्यातलं एक कलम पेन्सिलीने अधोरेखित केलं होतं. कंपनीच्या यंत्रांवर किंवा कंपनीच्या धंद्याशी संबंधित असं मी जे काही बनवीन, ते सगळं कंपनीचं. मी म्हटलं, “मी ते सुट्टीच्या दिवशी बनवलं.” त्या म्हणाल्या, “हो ना, पण आमच्या सर्व्हरवर. आणि बोलणारं सॉफ्टवेअर, म्हणजे आपलाच धंदा झाला की नाही?” हा करार मी वाचलासुद्धा नव्हता. कोण वाचतं? आम्ही दिवसभर दुसऱ्यांचा कोड ओळीन्‌ओळ तपासतो आणि स्वतःच्या नोकरीच्या कागदावर डोळे मिटून सही करतो.

मग त्यांनी दुसरा कागद पुढे केला. बाबांनी आवाज वापरायची परवानगी द्यायची. त्या बदल्यात त्यांचा टॅब जन्मभर चालू राहील आणि प्रॉडक्टवर माझं नाव येईल. सही नसेल तर सर्व्हर महिनाअखेरीला पुसला जाईल, कारण कंपनीच्या यंत्रावर खासगी प्रोग्राम ठेवता येत नाही. “सही म्हणजे नुसती औपचारिकता हो,” त्या म्हणाल्या. “हॉस्पिटलच्या फोनवर तर चाचणी सुरूही झाली.”

सुरूही झाली! म्हणजे कोणीही आजारी माणूस आत्ता त्या हॉस्पिटलला फोन लावून बाबांशी बोलतोय. तेही बाबांच्याच हॉस्पिटलला.

खरं लिहायचं तर प्रॉडक्टवर माझं नाव येणार, हे ऐकून बरं वाटलं. लगेच स्वतःची लाज वाटली. पण बरं वाटलं होतं हे खरं.

१४ नोव्हेंबर

मामेबहिणीकडे गेले. ती वकील आहे आणि सल्ल्याआधी टोमणा मारल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

“करार न वाचता सही केलीस? शाबास! तुझ्यासारख्यांमुळे आमच्या चुली पेटतात.” मग तिने दोन्ही कागद सावकाश वाचले. कोड त्यांचा, ती म्हणाली, त्यात भांडायला फारशी जागा नाही. आवाज मात्र काकांचा. रेकॉर्डिंगही काकांचं. सहीच्या आधीच तो फोनवर लावला हे त्यांच्या अंगाशी येऊ शकतं.

“आणि माझं काय?” मी विचारलं.

“तुझं काय? कोड त्यांचा, आवाज काकांचा. तू मधल्यामध्ये कोण?”

मला इतका राग आला की पर्स उचलून निघाले होते. तिने हात धरून बसवलं. मी म्हटलं, “मग मी घरी बसून नव्याने लिहीन. माझ्याच डोक्यातून आलंय ना ते?” ती म्हणाली, “तेच तर. तुझ्या डोक्यातून पुन्हा जे बाहेर येईल ते आधीच्यासारखंच असेल, आणि ते म्हणतील, हिने आमचंच उचललं. ज्याने तुझा कोड कधी बघितलाच नाही, अशा कोणीतरी लिहावं लागेल. रेकॉर्डिंग द्यायचं आणि बाजूला व्हायचं. त्याला किती वेळ लागेल, जमेल की नाही, देव जाणे.”

म्हणजे अख्ख्या जगात बाबांसाठी हे काम करायला मनाई असलेली माणसं मोजली तर पहिली मी. रस्त्याने येताना मी हे मोठ्याने बोलले असणार, कारण एक बाई वळून बघायला लागली.

निघताना बहिणीने विचारलं, “काका काय म्हणतात?” मी म्हटलं, रविवारी विचारते.

१७ नोव्हेंबर, रविवार

विचारलं नाही. सकाळी शेजारचे येऊन बसले, दुपारी बाबा झोपले, संध्याकाळी माझं डोकं दुखत होतं. कारणं काय, मागाल तितकी मिळतात.

आणखी एक डोकेदुखी. आईचा फोन चार्जिंगला लावताना बघितलं, तर हॉस्पिटलच्या नंबरला फोनवर फोन लावलेले. दिवसातून कितीतरी वेळा. मी चिडले. “अगं, तपासणीची तारीख मिळाली आहे ना? सारखं काय विचारतेस त्यांना?” आई म्हणाली, “खात्री करत होते.” बाबा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. आई अलीकडे फार धास्तावली आहे. डॉक्टरांना सांगून तिलाच काहीतरी हलकंसं औषध द्यायला हवं.

बाबाही आठवडाभर टॅबवर कमी बोलतात. थकवा असेल.

१९ नोव्हेंबर

चष्म्याला फार वाईट वाटतंय. सगळं आपल्यामुळे झालं म्हणतो. आज कॅन्टीनमध्ये त्याने टेबलाखालून माझ्या हातात एक पेनड्राइव्ह ठेवला. “सगळा कोड आहे यात. घरी ने, कोणाला कळणार नाही.”

दिवसभर तो माझ्या पर्समध्ये होता. कोणी नुसतं ‘अहो मॅडम’ म्हटलं तरी धाबं दणाणत होतं. करारवाल्या बाई लिफ्टमध्ये भेटल्या, तर मी त्यांना कारण नसताना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. त्यांचा वाढदिवस नव्हता. संध्याकाळी पेनड्राइव्ह चष्म्याला परत केला. मोठी तत्त्वाची बाई म्हणून नव्हे, माझी हिंमत झाली नाही म्हणून. कोणी दुसऱ्या कंपनीचा कोड असा खिशात घालून आणला असता तर मीच त्याला उभं केलं नसतं. मग हा कोड माझा म्हणून चालेल का? पण तो माझा आहेच. पण तो माझा नाही. हे चाक डोक्यात फिरतं आहे, थांबतच नाही.

२१ नोव्हेंबर

सांगितलं.

कसं सांगावं याची आरशासमोर तालीम केली होती. पेढे वाटावेत अशा थाटात सुरुवात केली. बाबा, तुमचा आवाज सगळ्यांना इतका आवडला की कंपनीला तो हवा आहे, फक्त इथे एक सही करायची. बाबांनी कागद हातात घेतला, पूर्ण वाचला, उलटून मागची बाजूही वाचली. मग टॅब ओढला.

“आम्ही वाट बघत होतो. तू कधी सांगतेस त्याची.”

मला काही समजेना. आई पदराशी चाळा करत म्हणाली, “तारीख विचारायला फोन केला होता गं मागे. तर हेच बोलायला लागले. मी घाबरून फोन ठेवूनच दिला. मग परत लावला.”

“मग परत परत का लावत होतीस?”

बाबांनी टाइप केलं, “ती काही न बोलता फोन कानाला लावून बसली होती. मी घेऊन ऐकला. तिकडेही मीच.”

मी रडायला लागले. माफी मागितली, मग स्वतःची बाजू मांडली, मग पुन्हा माफी मागितली. बाबांनी हाताने गप्प बस म्हणून खूण केली. त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

“मी इथे टाइप करतो ते कुठे जातं?”

मी सांगितलं, वाक्य ऑफिसच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून आवाज होऊन परत येतं.

“तिथे राहतं?”

“हो. नोंद राहते. काही बिघडलं तर शोधायला.”

“वर्षभराचं सगळं?”

“हो.”

“कोणी वाचतं?”

“नाही हो बाबा, कोण कशाला वाचेल?”

“वाचता येतं?”

मला नाही म्हणता आलं नाही. त्यांनी आईकडे बघितलं. आई लालबुंद झाली आणि उठून आत गेली. बाबांनी टॅब पालथा घातला.

२३ नोव्हेंबर

परवापासून टॅब तसाच पालथा आहे. बाबा खुणा करतात, कधी वर्तमानपत्राच्या कडेला लिहितात. हट्टीपणा नुसता. सही केली असती तर सगळं सुरळीत झालं असतं. नोंदींचं मी काहीतरी केलं असतं, साहेबांना विनवून पुसून घेतल्या असत्या. माझ्या नोकरीचा विचार कोणी करतंय का? घर माझ्या पगारावर चालतं.

हे लिहिलं आणि वाचून वाईट वाटलं. खोडत नाही.

आई हॉस्पिटलला फोन करायची थांबली आहे. आज तिने उगाचच दोनदा फोन हातात घेऊन खाली ठेवला.

२६ नोव्हेंबर

बाबा स्वतः ऑफिसात आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्याच्या भोकावर स्वच्छ रुमाल, काखेत टॅब. बरोबर मामेबहीण. मोठे साहेब दारापर्यंत आले, खुर्ची ओढून दिली, तुमच्यासारखा आवाज शोधून सापडत नाही वगैरे म्हणाले. लोक आता फोन मध्येच कापत नाहीत, तक्रारी कमी झाल्या, सगळे आकडे सांगितले.

मी सकाळी टॅबवर नवी बटणं करून ठेवली होती, ‘धन्यवाद’, ‘विचार करून सांगतो’, ‘मुलीशी बोला’. बाबांनी ती वर सरकवून टाकली आणि टाइप करायला घेतलं. खोलीत सगळे जण त्यांच्या एका बोटाकडे बघत बसले. मोठे साहेब घड्याळ बघायला लागले, मग शरमून त्यांनी हात टेबलाखाली घेतला. शेवटी टॅब बोलला.

“शिकवण्याच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. म्हणून मी म्हणायचो, मी आहे. तुमच्या फोनवर आजारी माणूस थांबलेला असतो. त्याला माझा आवाज सांगतो, मी आहे. तिथे कोण आहे?”

मोठे साहेब म्हणाले, “काका, ती बोलायची एक पद्धत असते.”

“माझी नव्हती. सही करणार नाही.”

करारवाल्या बाईंनी गोड आवाजात आठवण करून दिली की मग शुक्रवारी सहा वाजता सर्व्हर पुसला जाईल. बहिणीने बाकीचं ठरवून घेतलं. हॉस्पिटलच्या फोनवरून आवाज आजच काढायचा. रेकॉर्डिंग परत द्यायचं. टॅबवरून आलेल्या नोंदी कोणीही न वाचता पुसायच्या. सहीआधी चाचणी केल्याचा विषय तिने दोनदा काढला, त्यामुळे हे सगळं त्यांनी मुकाट्याने लिहून दिलं. त्यांच्या बाजूने एकच अट, मी असं सॉफ्टवेअर दुसरीकडे कुठेही लिहायचं नाही. या वेळी मी करार शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग सही केली.

रिक्षात मी बाबांना म्हटलं, “तुम्हाला कळतंय ना, शुक्रवारनंतर टॅबमध्ये दुसऱ्याच कोणाचा तरी आवाज येईल? नवीन माणूस सापडून ते तयार होईपर्यंत किती महिने जातील माहीत नाही. झालंच नाही तर?” बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला ते अजून लहान समजतात.

२७ नोव्हेंबर

आईचा इतका आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. कंपनीने हिला विचारलं, हिने वकिलाला विचारलं, वकिलीण तुम्हाला विचारते. मला कोणी विचारलं? आवाज तुमचा, मान्य. पण इतकी वर्षं ऐकणारी मी होते ना?”

बाबांनी टॅब घेतला. ती म्हणाली, “त्यात नका बोलू, तिकडे सगळं लिहून ठेवतात.” बाबा टॅब हातात धरून तसेच उभे राहिले. मी सांगायचा प्रयत्न केला, आई, आता त्या नोंदी कोणी वाचणार नाही, लेखी ठरलंय. ती माझ्यावर उसळली, “तू तर बोलूच नकोस.”

जेवताना तिघेही भिंतीकडे बघत होतो.

२९ नोव्हेंबर

सर्व्हर पुसायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. प्रोग्राम मी लिहिलेला, कुठे काय आहे ते मलाच ठाऊक. करारवाल्या बाई म्हणाल्या, तुम्हाला अवघड वाटत असेल तर चष्मा करेल. मी म्हटलं, मीच करते. सहा वाजता मीच पुसणार, एवढं घरी फोन करून कळवलं.

जेवणानंतर कामाला बसले. आधी रेकॉर्डिंग उतरवून घेतलं, बहिणीच्या हवाली करायला. मग चालू नोंदींची खिडकी उघडली, मंगळवारच्या मीटिंगनंतर ती रिकामीच होती. नेमक्या त्याच वेळी एक ओळ आली. मग दुसरी. घरी टॅब सुरू झाला होता. पहिल्या ओळीतला पहिला शब्द माझ्या नजरेला पडला. आईचं नाव होतं. बाबा तिला नावाने हाक मारतात हे मला माहीत नव्हतं, आमच्यासमोर ते नेहमी ‘अगं’ म्हणतात. मी झटक्यात खिडकी बंद केली.

मात्र वाक्य आलं की सर्व्हरवरचा एक आकडा वाढतो, तेवढं दिसत राहिलं. आकडा वाढत होता. एका बोटाने टाइप करणारा माणूस इतका भराभर बोलू शकतो? मध्येच बराच वेळ थांबायचा, मला वाटायचं, संपलं, की पुन्हा सुरू. ती खिडकी एका क्लिकवर होती. कोणाला कळलं नसतं. ते कसे आहेत, काय म्हणतात, माझ्यावर रागावलेत का, सगळं समजलं असतं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. अगदी शाळेतल्यासारखी.

सहा वाजले. चष्मा येऊन मागे उभा राहिला. “मॅडम, वेळ झाली.” आकडा अजून वाढत होता. मी म्हटलं, “नेटवर्क स्लो आहे, थोडा वेळ लागेल.” त्याने स्क्रीनकडे बघितलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, “हो, फारच स्लो आहे.” करारवाल्या बाईंनी काचेतून आत डोकावलं तेव्हा तोच उठून त्यांच्याकडे गेला आणि केबलबद्दल काहीतरी लांबलचक सांगत त्यांना दुसरीकडे घेऊन गेला.

बाहेर दिवे लागले. आकडा एकदाचा थांबला, तरी मी हात लावला नाही. पुन्हा वाढेल म्हणून वाट बघत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती. रडून झालेला, जड पण स्वच्छ आवाज.

“झालं आमचं बोलून,” ती म्हणाली. “पूस आता.”